डावीकडची सीट

७ जाने.
फिजिओला आजही गेलो नाही. काल पोट बिघडलं होतं, परवा गारठा होता, आज सीट. मी पुढचं दार उघडून धरलं, साहेब काठी टेकत तिथवर आले, डावीकडच्या सीटकडं असं बघितलं की जणू तिथं मेलेला उंदीर पडलाय. म्हणाले, "ह्याच्यावर बसायचं मी? आधी कव्हरं टाक, मग बघू." आणि वळले की घरात. रेक्झिन फाटलंय हे खरं. फोम बाहेर आलाय, बसलं की माणूस पुढं घसरतो. पण हेच मी चार वर्षं सांगत होते तेव्हा "चालतंय की" म्हणणारे कोण?

(सगळा तालुका साहेब म्हणतो म्हणून वहीत मी पण साहेबच लिहिते. नवऱ्याचं नाव लिहायची सवय नाही. पुढं नुसतं सा. हात दुखतो.)

डिस्चार्ज देताना डॉक्टर स्पष्ट बोलले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच कामाचे. डावा हात-पाय आत्ता हलवून घेतला तर हलेल, नंतर काय वाट्टेल ते केलं तरी उपयोग नाही. ते सा.च्या देखत बोलले. सा. तेव्हा मान डोलवत होते, कारखान्याच्या मीटिंगमध्ये डोलवायचे तशी.

८ जाने.
शाळा सुटल्यावर कोपरगावात तीन दुकानं फिरले. सगळीकडं एकच. "मॅडम, ह्या मॉडेलची रेडिमेड कव्हरं आता येत न्हाईत. गाडीच बंद झाली ना. मापानं शिवून घ्यावी लागतील." बरं, शिवू. रंग? मी म्हणाले राखाडी. तर पोरगेलासा दुकानदार म्हणतो, "साहेबांना विचारलंत का?"

का? गाडी चालवते मी. पेट्रोल टाकते मी. पंक्चर काढून आणते मी. रंग मात्र साहेबांना विचारा.

नमुन्यांचं जाडजूड बुक उचलून घरी आणलं. सा. तासभर बुक चाळत बसले, चष्मा लावून, एका हातानं. काळं नको, तापतं. बदामी नको, मळतं. मखमल नको, लग्नाच्या बसमध्ये असते. जाळीचं नको, स्वस्त दिसतं. शेवटी राखाडी. कपाळ माझं.

११ जाने.
मनूनं पुण्याहून ऑनलाईन सेट मागवून दिला. "आई, युनिव्हर्सल आहे, कुठल्याही गाडीला बसतो." लेकीचा जीव, काय बोलणार. दुपारी उन्हात घाम गाळत बसवायला घेतला. कव्हरला डोक्याच्या उशीची वेगळी टोपी, आमच्या सीटची उशी पाठीला जोडलेली. टोपी कुठं घालू, सा.च्या डोक्यावर? इलॅस्टिक ओढून हूक लावला, तो सुटून बोटावर बसला. सा. पडवीतल्या खुर्चीतून सूचना देतायत. "खालनं घे. अगं खालनं. तसं नाही." मी म्हणाले, एवढं कळतंय तर या इकडं. मग पेपर तोंडासमोर धरला. ते मी बोलायला नको होतं. पण बोलले.

सेट परत पाठवला. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला धड न बसणारं, एवढं ज्ञान मिळालं.

फिजिओच्या बाईचा फोन. "काकू, आज पण नाही?" घरी येता का विचारलं. मशिनं सेंटरवर आहेत, काकांनाच आणावं लागेल म्हणाली. बोटं आखडायला लागलीत का विचारत होती. लागलीत.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ द्यायला माणसं येऊन गेली. सा. आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन. कारखान्यात शेतकी अधिकारी होते तेव्हा आजच्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाच्या उसाला कधी तोड येणार हे ह्यांच्या हातात, मग तिळगूळ पोत्यानं येणारच. रिटायर झाल्यावर गर्दी आटली, पण जी चार माणसं मनापासून येतात ती आजही आली. तर हे आत.

ह्यांच्या ओळखीतले जुने ऊसवाले तात्याबा मात्र ऐकत नाहीत. थेट खोलीत गेले. "साहेब, गाडी दिसंना तुमची कुठं. लई दिस झालं." सा. झटकन म्हणाले, "गाडीचं काम निघालंय, तात्याबा. सीटा करायच्यात सगळ्या. ते झालं की येतोच तिकडं." आवाज एकदम पूर्वीचा. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. तात्याबांचं समाधान झालं. सा.चं त्याहून जास्त झालेलं दिसलं.

जेवणं उशिरा झाली. पोळ्या करपल्या.

१७ जाने.
बबनराव कुशनवाले घरी येऊन माप घेऊन गेले. मनमाड रोडला दुकान आहे, ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या सीटा करतात. मी त्यांना आधीच नीट सांगितलं. डावी सीट महत्त्वाची. घसरणार नाही असं जाड कापड. दाराच्या बाजूला फोमचा उंचवटा, कारण ह्यांचा तोल डावीकडं जातो. माझी सीट साधी, सपाट, कडक. बबनराव "व्हय, व्हय" म्हणत राहिले. डोळे माझ्यामागं. सा. आले होते ना बाहेर.

आणि मग काय झालं, तर सा. चालत चालत गाडीला वळसा घालून उजवीकडं गेले. दार उघडलं. उजवा हात टपाला धरून, डावा पाय ओढून आत घेतला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. महिन्यात पहिल्यांदा गाडीत बसले. हात स्टिअरिंगवर. चेहरा असा खुलला की मला रडू यायला लागलं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. तिथंच चूक झाली. बाहेर आले तर बबनराव सा.च्याच अंगाचं माप घेतायत. पाठीला इथं आधार देतो साहेब, मांडीखाली खोलगट करतो साहेब, तुमचं वजन हाय साहेब.

मी म्हणाले, "अहो, चालवणार मी आहे."
बबनराव हसले. "मॅडम, साहेब बरे झाल्यावर कोन चालवनार?"
सा.ही हसले. दोघं मिळून हसले. डॉक्टरांनी निदान वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही सांगितलंय, त्यानंतरचं नंतर. हे सा.ना माहीत. मला माहीत. चहा ठेवला आणि आत आले.

२० जाने.
सीटा काढून नेल्या. अंगणात गाडी नुसतं खोकं होऊन उभी. मी वडापच्या जीपनं शाळेत. बबनराव म्हणाले दोन दिवस.

२२ जाने.
आज नाही. बबनरावांच्या मावसभावाचं लग्न.

२३ जाने.
आज पण नाही. "सीझन हाय मॅडम, ट्रॅक्टरवाले थांबत न्हाईत." म्हणजे आम्ही थांबतो. बरोबर आहे, आम्ही थांबायलाच बसलोय.

सा.चा मूड उत्तम. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी कारखान्याचं गाळप किती झालं त्यावर फोनवर चर्चा. बॉल दाबायचा व्यायाम सांगितलाय, तो बॉल सोफ्याखाली सापडला. धूळ बसलेली. काढून हातात दिला तर म्हणाले, "एकदा सेंटर सुरू झालं की सगळं व्यवस्थित करू." सेंटर सुरूच आहे. बंद आम्ही आहोत.

२६ जाने.
झेंडावंदन. आल्यावर बघते तो बबनराव टेम्पोत कव्हरं घेऊन हजर. उतरवून पडवीत मांडली. देवाशपथ छान झाली होती. राखाडी कापड, दुहेरी शिलाई, कडेनं काळी पायपिंग.

सा.नी काठीनं टोकरून बघितलं. "पायपिंग मरून सांगितली होती."
मी: "कधी?"
"मनात होती. काळी म्हणजे कसं, मयताला नेल्यासारखं वाटतंय."
माझ्या तळपायाची आग मस्तकात. राखाडी तुम्ही निवडली, बुकात काळ्या पायपिंगचाच फोटो होता, त्यावर तुम्ही बोट ठेवलं. हे सगळं बबनरावांसमोर ओरडून बोलले. शेजारच्या वहिनी कुंपणाशी येऊन उभ्या. येऊ दे. बबनराव कव्हरं गोळा करायला लागले, "साहेब म्हनतील तसं." साहेब म्हणतील तसं! मग मी कोण आहे इथं? मला कुणी सांगेल का?

कव्हरं परत गेली.

२९ जाने.


शाळेतून थेट बबनरावांच्या दुकानात गेले. म्हटलं आज घेतल्याशिवाय हलणार नाही. आमचं काम कोपऱ्यात, हातही लावलेला नाही. मी तोंड सोडलं. बिचारे गडबडले आणि बोलून गेले, "मॅडम, माज्यावर कशाला चिडता? साहेबांचाच फोन आला हुता. म्हनले घाई न्हाई, सावकाश होऊ द्या, आठवडा-पंधरा दिस गेलं तरी चालंल."
"कधी आला फोन?"
"दोन-तीनदा आला."

वडापमध्ये बसले तेव्हा सगळं उलगडत गेलं. पोट, गारठा, सीट, रंग, मखमल, मयताची पायपिंग. ह्या माणसाला कव्हर नकोच आहे. कव्हर झालं की गाडीत बसावं लागेल. गाडी उघडी-बोडकी अंगणात आहे तोवर ह्यांना कुणी काही म्हणू शकत नाही. आणि मी मूर्ख, बुकं वाहतेय.

घरी आले, टीव्ही बंद केला, समोर उभी राहिले.
"तुम्हाला फिजिओला जायचंच नाहीये ना?"
त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "रस्ता कारखान्याच्या गेटवरून जातो."
"मग?"
"हंगाम चालू आहे. वजनकाट्यावर रांग असते. बैलगाड्या, ट्रॅक्टर. सगळे गाडी ओळखतात. लांबून बघून रामराम घालतात."
"मग घाला की तुम्ही पण! त्यात काय?"
तर म्हणाले, "कुठल्या हातानं?"

मला आधी समजलंच नाही. त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. उचलून ठेवला. म्हणाले, "डावीकडं बसलो की खिडकीला हा हात. लोक रामराम घालणार आणि मी बघत बसणार? तीस वर्षं उजवा हात खिडकीबाहेर काढून त्याच रस्त्यानं गेलोय मी."

मी म्हणाले मान हलवा. म्हणाले, मान नंदीबैल हलवतो.

स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली आणि रडले. राग त्यांचा आला, तात्याबांचा आला, त्या काट्यावरच्या रांगेचा आला, माझाही आला. लोकांच्या रामरामापायी माणूस आपला हात घालवायला बसलाय. आणि त्याचं म्हणणं मला खोटंही वाटत नाही, ही पंचाईत. हेच आधी सांगितलं असतं तर? सांगणार कसे. कधी काही सांगितलंय का आजवर?

३० जाने.
अबोला. भाजी कारल्याची केली. खाल्ली मुकाट्यानं.

१ फेब्रु.
फिजिओची बाई म्हणाली, काकू, आता मला खात्री देता येणार नाही. एवढंच म्हणाली. मी वर्गात मुलांवर विनाकारण ओरडले.

सा.ना सांगितलं ती काय म्हणाली ते. त्यांनी बॉल मागितला. पाचेक मिनिटं प्रयत्न केला. बॉल हातातून खाली पडत होता, मी उचलून देत होते.

२ फेब्रु.
सीटा बसल्या. मीच बबनरावांना दमात घेतलं, पायपिंग काळी तर काळी, आज बसवा.

आणि बसवल्या म्हणून आनंदानं आत बसायला गेले तर खड्ड्यात गेल्यासारखी खाली. ड्रायव्हरची गादी सा.च्या मापाची! भरभक्कम माणसासाठी मधनं खोल, दोन्ही कडा उंच. मी पाच फुटाची. स्टिअरिंगवरून रस्ता दिसायच्या ऐवजी आभाळ दिसतं. क्लचला पाय पोचतो तर पाठ टेकत नाही. आणि डावी सीट? सपाट. कडक. मी माझ्यासाठी सांगितली होती तशी, हुबेहूब. उंचवटा वगैरे काही नाही. म्हणजे माझं सगळं बोलणं बबनरावांनी ऐकलं होतं, फक्त गाडी कोण चालवणार हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

एवढ्या खटाटोपानंतर गाडी आता कुणालाच चालवता येत नाही. मी चालवू शकत नाही आणि ह्यांना चालवायची नाही. हसावं की रडावं. मनूला फोन करून सांगितलं तर ती हसली. मीही हसले मग. फोन ठेवल्यावर परत चिडले.

सा. पडवीतून म्हणाले, "काय झालं?"
"काय व्हायचंय. तुमची सीट तुमच्या मापाची झालीय. या, बसा." टोमणाच होता. सा. उठून आत गेले.

४ फेब्रु.
आज रविवार. दोन उशा खाली घालून, जीव मुठीत धरून गाडी बबनरावांकडं नेली. गेटवरून गेले. खरंच रांग होती. चौघा-पाचजणांनी गाडी बघून हात वर केले, आत मी दिसल्यावर अर्ध्यात थांबवले. एकानं नमस्कार केला, बाकीच्यांनी नजर वळवली. बारीकशी गोष्ट, पण लागली. मला एवढी लागली तर त्यांना किती.

बबनरावांना विचारलं, "खालच्या गाद्या अदलाबदल होतात का?"
"व्हतात की. ह्या गाडीत दोन्हीकडची सारकीच असती."
"मग साहेबांची डावीकडं घाला. माझी मला द्या."
बबनराव पान्हा हातात घेऊन उभे. "मॅडम, पर ती साहेबांची..."
"साहेबांचीच राहील. साहेब त्यात नीट बसतील, घसरणार नाहीत, कडा उंच आहेत, तोल जाणार नाही. तुम्ही इतकी चांगली केलीय. फक्त ती चुकीच्या बाजूला आहे."
"एकदा साहेबांना इचारतो."

विचारा. मी पण थकले. विचाराच.

दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी फोन लावला. मला त्यांच्याकडचंच ऐकू येत होतं. "साहेब, मॅडम म्हनत्यात तुमची गादी डावीकडं घ्यायची." मग नुसता फोन कानाला. समोरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांचा आवाज. "न्हाई, मॅडम हितंच हायत, उभ्या हायत." पान्हा दुसऱ्या हातात घेतला. "व्हय साहेब. व्हय."

फोन खिशात टाकला आणि वाकून डावीकडचा नट सोडायला लागले.
"काय म्हणाले?"
"काय न्हाई. म्हनले, नीट आवळा."

येताना रस्ता दिसत होता. घरी आल्यावर सा.नी गाडीकडं बघितलं नाही. मी विचारलं नाही. जेवताना मीठ कमी आहे म्हणाले. कमी नव्हतं.

५ फेब्रु.
गाडीत बसून लिहितेय, वही स्टिअरिंगवर. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. फिजिओला आज सकाळची वेळ.

सा. सकाळी लवकर उठले. दाढी केली, एका हातानं, मला लावू दिला नाही हात. इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं मात्र मला लावू दिली. कुठं जायचं हे कुणी बोललं नाही. मी नेहमीसारखं "चला" म्हणाले नाही. म्हणायची भीती वाटली. नुसती किल्ली उचलली आणि बाहेर आले.

गाडी घराच्या गेटाशी काढून उभी केलीय, तोंड रस्त्याकडं. इंजिन चालू. आरशात पडवी दिसते.

सा. दारात आलेत. काठी उजव्या हातात. पायरीपाशी थांबलेत. रस्त्याकडं बघतायत, गाडीकडं नाही. एक ट्रॅक्टर गेला. दुसरा येतोय, आवाज आहे. सा. तिथंच.

उतरून जावं का? आधार द्यायला? नको. गेले तर "राहू दे आज" म्हणतील, ओळखते मी.

लग्न झाल्यापासून ह्याच गेटाशी ह्यांनी आधी फटफटी, मग ही गाडी उभी करून हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, मग हात दाबूनच धरायचे. मी साडीला पिना लावत, गॅस बंद केला का आठवत, पळत यायचे. एकदाही ह्यांना थांबायचं सुचलं नाही. एक दिवस ह्यांना असंच वाजवून बोलवीन, असं मी किती वेळा मनात म्हटलंय.

एक पायरी उतरले. थांबले परत.

डावीकडचं दार मी आतनं ढकलून उघडं ठेवलंय. फिजिओची वेळ होऊन गेली. हात हॉर्नजवळ आहे, पण मी वाजवणार नाही.